हेडफोनमधली गिटार

माझा नवरा आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात, समोरच्या खोलीत बसून, अडीच वर्षं जवळजवळ रोज गिटार वाजवत होता आणि मी ती ऐकली नाही. मी बहिरी नाही. शाळेत चौथीचा वर्ग शिकवते आणि फळ्याकडे तोंड असलं तरी शेवटच्या बाकावरची कुजबुज मला बरोबर ऐकू येते. पण घरात गिटार वाजवायची तर हेडफोन लावून, असा नियम मीच केला होता. नियम करण्यात माझा हात कोणी धरत नाही.

त्यामुळे माझ्या वाट्याला आली ती टिकटिक. इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं. भरीव लाकूड आणि त्यावर ताणलेल्या तारा, एवढंच. ती मशीनला जोडली नाही तर प्लास्टिकची नखी तारेवर आपटल्याचा आवाज तेवढा येतो. जे काही सूर असतील ते वायरमधून थेट ह्यांच्या कानात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची आणि मागून ते टिकटिक, टिकटिक चालू असायचं. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत तेही बुडून जायचं.

हे सरकारी ऑफिसात क्लार्क होते. लग्नाआधी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीत, शारदा उत्सवात, लोकांच्या लग्नांत. मागच्या ओळीत उभे राहायचे, असं तेच सांगायचे. मी त्यांना स्टेजवर कधी पाहिलं नाही. लग्न ठरलं तेव्हा ऑर्केस्ट्रा मोडला होता आणि माझ्या सासरच्यांनी बैठकीत गिटारचा विषयसुद्धा काढला नाही, मुलीकडचे बिचकतील म्हणून. लग्नानंतर चार दिवसांनी मला माळ्यावर ती काळ्या कव्हरमध्ये दिसली. मी विचारलं, "हे काय होय?" तर म्हणाले, "जुनी आहे. पडू दे तिथंच." मी पडू दिली. मुलगा झाला, दोन बदल्या झाल्या, घर बांधलं, प्रत्येक घरात ती माळ्यावर चढली आणि मी तिच्यावर सतरंज्या रचल्या.

आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर मी नुसती खाष्ट बाई वाटेन. ज्या घरातलं पोरगं दहावीला किंवा बारावीला असतं, त्या घरात जूनमध्ये केबल काढतात. पाहुण्यांना "आमच्याकडे यंदा बारावी आहे" एवढं सांगितलं की पाहुणे समजतात आणि सुतक असल्यासारखे दारातूनच परत जातात. मिक्सर पोरगं क्लासला गेल्यावर लावायचा, फोनवर बोलायचं तर गच्चीवर जायचं. बारावी पोराची नसते, घराची असते. माझ्या मुलाला डॉक्टर व्हायचं होतं. खरं सांगायचं तर आधी मला त्याला डॉक्टर करायचं होतं, आणि मग त्यालाही व्हायचं होतं. म्हणून मी केबल अकरावीतच काढायला लावली. दोन वर्षांची तयारी असते, असं क्लासवाले म्हणाले होते.

दहावीला त्याला बरे मार्क पडले होते, तेव्हा माझ्या भावानं त्याला त्याचा वापरलेला गेमचा डबा दिला होता. टीव्हीला जोडून खेळायचा तो. दोन महिने पोरगं त्याच्यासमोरून हललं नाही. जून लागला आणि मी डबा जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेवून दिला.

तो डबा खाली काढला ह्यांनी. पावसाळ्यातला रविवार होता. मी बाहेर येऊन पाहते तर टीव्हीमागे अर्धं अंग घालून बसलेले, माळ्यावरची गिटार सोफ्यावर आडवी आणि सतरंज्या जमिनीवर.

"हे काय काढून राहिले?" मी विचारलं.

"अवं, ह्या डब्यातल्या एका गेमले खरी गिटार लागते म्हणे. ह्या वायरीच्या एका टोकाले ही जाडी पिन, ती गिटारीत, दुसरं टोक डब्यात. टीव्हीवर तारा दिसते. जसं दिसते तसं वाजवाचं."

"पोराची अकरावी अन् बाप गेम खेळून राहिला. सांगू का लोकाइले?"

"गेम कुठं वं? शिकून राहिलो."

पन्नाशीला आलेला माणूस, डोळ्यांत अशी चमक. मला तेव्हा हसू आलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी काही चोवीस तास ओरडत नसते.

मग पुढचे आठ-दहा दिवस जोडाजोडी चालली. आमच्याकडे जुनं होम थिएटर होतं. पाच छोटे स्पीकर आणि एक जाडा, जो बोलला की शोकेसमधल्या कपबशा हलायच्या. आधी त्यांनी गिटार सरळ होम थिएटरच्या माईकच्या भोकात घातली, तर नुसता घूं असा आवाज. मग डब्यातून टीव्हीत आणि टीव्हीतून होम थिएटरमध्ये असा फिरवून आणला, तर आवाज आला पण उशिरा. जेवताना मला समजावून सांगत होते, बोटांनी ताटाच्या कडेवर वाजवून दाखवत. "मी तार आत्ता छेडतो अन् आवाज मंग येते. एवढासाच उशीर, पण सगळा ताल बिघडते. टीव्ही आवाज रोकून ठेवते."

"तुमच्यापेक्षा बरा आहे मंग," मी म्हटलं. "तुम्ही कोथिंबीर आणाले गेले की तासभर येत नाही."

ते हसले आणि पुढचं सांगायचे थांबले. मुलगाही हसला. मला वाटलं, छान जमला विनोद.

शेवटी त्यांनी टीव्हीला वगळलं. डब्याच्या मागून लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढून थेट होम थिएटरमध्ये घातली. चित्र टीव्हीवर आणि आवाज सरळ स्पीकरमधून. प्रत्येक वायरला ऑफिसच्या फायलींवर लावतात तशी चिठ्ठी चिकटवली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'डबा', 'टीव्ही', 'गिटार', 'मोठा स्पीकर'. मला म्हणाले, मी नसलो तर तुला जोडता यावं म्हणून. मी म्हटलं, मला काय करायचंय जोडून.

आणि पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी एकदाच मोकळ्या आवाजात वाजवली. मी स्वयंपाकघरात होते. कपबशा हलल्या, खिडकीची काच थरथरली, शेजारची कुत्री भुंकायला लागली. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि ओरडले. काय ओरडले ते शब्दन् शब्द आठवतं. "आतमध्ये पोरगं फिजिक्स करून राहिलं, काही लाज वाटते का?" गिटारचं मात्र काही आठवत नाही. काय वाजत होतं, गाणं होतं की नुसतं वाजवून बघणं होतं, काहीच नाही. मी ऐकायला बाहेर आलेच नव्हते, बंद करायला आले होते.

त्यांनी लगेच आवाज बारीक केला. संध्याकाळी जाऊन मोठा हेडफोन घेऊन आले. होम थिएटरच्या तोंडाशी त्याला जागा होती. हेडफोनची पिन आत गेली की स्पीकर आपोआप गप्प. मला करून दाखवलं आणि विचारलं, "आता चालते न?"

"आता चालते," मी म्हटलं. "बारावी झाली की घाला सगळ्या नंदनवनाच्या कानात."

हे वाक्य त्यांनी धरून ठेवलं. बारावी झाली की.

मग रोजचा क्रम ठरला. ऑफिसातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की साडेसात ते साडेआठ गिटार. सोफ्याच्या कोपऱ्यात, हेडफोन लावून, टीव्हीकडे बघत. आतल्या खोलीत मुलगा टेबलाशी, कानात बारीक इअरफोन घालून. मोबाईलवर क्लासची लेक्चर असतात ना, ती ऐकायला. मी दारातून डोकावायची आणि समाधानानं परत फिरायची. दोघांच्या कानांत वायरी, दोघं गप्प, घर शांत. याहून चांगलं घर कोणतं असतं, असं मला वाटायचं. कोणी आलं तर मी ओठांवर बोट ठेवून सांगायची, लेक्चर ऐकून राहिला.

कधी कधी हे हेडफोन कानावरून काढायचे आणि माझ्याकडे धरायचे. "ऐकून पाय न वं, दोन मिनिटं." मी कधी म्हणायची हात कणकेत आहेत, कधी म्हणायची वह्या तपासायच्या आहेत. एका रविवारी म्हटलं, डोक्याला तेल लावलंय, तुमचं ते खराब होईल. ते खरंही होतं. मंग ऐकीन, असं मी प्रत्येक वेळी म्हटलं आणि मनापासून म्हटलं. मला कुठे माहीत होतं. नंतर नंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला ते लक्षातही आलं नाही, कारण त्रास कमी झाला की माणूस मोजत बसत नाही.

बारावी झाली. मे महिन्यात डॉक्टरकीची परीक्षा झाली. मुलगा पेपर देऊन दुपारी घरी आला तर ह्यांनी पाचही स्पीकर पुसून जागच्या जागी लावले होते. हेडफोन काढून गुंडाळून बाजूला ठेवलेला. मुलाला म्हणाले, "कसा गेला?" तो म्हणाला, "ठीक." त्या 'ठीक'मध्ये मला काहीतरी ऐकू आलं. मास्तरीण आहे मी. मी ह्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, "निकाल लागू द्या. एवढी घाई काय आहे?" ते म्हणाले, "बरं." स्पीकर लावलेले तसेच राहिले, पण कोणी चालू केले नाहीत.

निकाल लागला. मार्क कमी पडले, थोडेसेच, पण त्या परीक्षेत थोडेसे म्हणजे हजारो पोरं पुढे. मुलगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी निर्णय सांगितला. ड्रॉप घ्यायचा, म्हणजे कुठेच नाव घालायचं नाही, वर्षभर फक्त परत अभ्यास करायचा. मुलगा मान खाली घालून हो म्हणाला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, शोकेसपाशी गेले आणि हेडफोनची पिन परत भोकात घातली. एवढंच. "एक वर्ष काय, निघून जाते," असं म्हणाले, पोराला म्हणाले की मला की स्वतःला, कळलं नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं की हा माणूस किती समजूतदार आहे. आज त्या पिनेचा टक् असा आवाज आठवला की जीव नको होतो.

नोव्हेंबरात हे गावाला गेले. त्यांचं गाव नरखेड तालुक्यात, थोरले दीर संत्र्याची बाग बघतात. तोड सुरू होती. हे दरवर्षी दोन दिवस सुट्टी टाकून जायचे. सकाळच्या एसटीनं गेले, दुपारी पोचल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दिरांचा फोन आला, मी तेव्हा वर्गात होते. बागेतच छातीत दुखलं, खाली बसले. गाडी करून आणता आणता काटोलच्या अलीकडे संपलं होतं. बावन्न वर्षांचे होते. मी वर्ग दुसऱ्या बाईंवर टाकून निघाले तेव्हा एक मुलगी पाढा म्हणत होती आणि मी दाराशी थांबून तिला चूक सांगितली. का सांगितली, माहीत नाही.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्या गर्दीतही मुलगा संध्याकाळी आतल्या खोलीत टेबलाशी, कानात वायर घालून बसायचा. नातेवाईक हळहळायचे. मी रडता रडता उठून त्यांना सांगायची, आवाज करू नका, लेक्चर ऐकून राहिला. केवढा गुणाचा आहे, असं सगळे म्हणायचे. मलाही वाटायचं, बापाचं दुःख गिळून अभ्यास करतोय.

पुढच्या मे महिन्यात त्याला हवे तेवढे मार्क पडले. यवतमाळकडे कॉलेज मिळालं, वसतिगृहात राहायला गेला. घरात मी एकटी. आता आवाज करायला कोणाची ना नव्हती. केबल परत घेतली, मिक्सर वाटेल तेव्हा लावला, फोनवर मोठ्यानं बोलले. दोन दिवसांत कंटाळा आला.

मग मला ह्यांची गिटार ऐकावीशी वाटायला लागली. आधी सहज, मग फारच. एवढी अडीच वर्षं वाजवली, कुठेतरी काहीतरी राहिलं असेल. आजकाल सगळं राहतं, लोक बारशातला पोरांचा रडण्याचा आवाजही जपून ठेवतात. मी त्यांचा मोबाईल काढला, चार्ज केला. फोटो बरेच होते. संत्र्याचे, ऑफिसच्या निरोप समारंभांचे, माझे दोन पाठमोरे. आणि एक व्हिडिओ सापडला. मोबाईल कशाला तरी टेकवून स्वतःच घेतलेला. फक्त हात दिसतात आणि गिटारचा अर्धा भाग. आवाज पूर्ण वाढवला. टिकटिक. हेडफोन लावलेला होता ना. मोबाईलला तेवढंच ऐकू आलं जेवढं मला यायचं. चार मिनिटं टिकटिक आणि मध्येच माझा खणखणीत आवाज, स्वयंपाकघरातून, "अहो, हळू!" त्या व्हिडिओत सगळ्यात स्पष्ट मीच आहे. टिकटिकीलाही मी हळू म्हणत होते.

मग मला वाटलं, डब्यात असेल. गेम होता, म्हणजे काही साठवत असेल. शाळा सुटल्यावर आठवडाभर मी त्याच कामाला लागले. केबल परत घेताना वायरी सुटल्या होत्या, पण त्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या होत्या म्हणून जमलं. 'डबा' टीव्हीत, लाल-पांढरी होम थिएटरमध्ये. त्यांचा हेडफोन कानाला लावून बघायची, तर एकदा चित्र यायचं पण आवाज नाही, एकदा आवाज यायचा तर टीव्ही निळा. मोबाईलच्या दुकानदाराला विचारलं, त्यानं एवढंच सांगितलं की रिमोटवरून टीव्हीची वाट बदलावी लागते. शेवटी लागला. टीव्हीवर गाण्यांची यादी आली, प्रत्येक गाण्यापुढे त्यांनी किती बरोबर वाजवलं त्याची टक्केवारी. चाळीस, त्रेपन्न, सत्तर. एका ठिकाणी ब्याण्णव. माझ्या मनात आधी आलं ते हे, की मला कळलं असतं तर पेढे वाटले असते. पण आवाज नव्हता. डब्यानं त्यांचं वाजवणं तपासलं होतं, मार्क दिले होते आणि टाकून दिलं होतं. मी सोफ्यावर, त्यांच्या कोपऱ्यात, बसून खूप रडले. मोठ्यानं रडले, मला हळू म्हणणारं कोणी नव्हतं.

वर्षश्राद्धाला मुलगा आला. आदल्या दिवशी सकाळी समोरची खोली मोकळी करायची होती, पंगत तिथेच बसणार होती. शोकेस हलवायची म्हणून आम्ही मागच्या वायरी काढायला लागलो. तो एकेक चिठ्ठी वाचून सोडवत होता आणि मी गुंडाळत होते. सगळ्या झाल्या तरी एक पांढरी, बारीक वायर उरली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. हेडफोनच्या भोकात दोन तोंडांची छोटी पिन होती, एका तोंडात हेडफोन आणि दुसऱ्यात ही. मी ती ओढली तर येईना. शोकेसमागून, भिंतीच्या कडेनं जात होती आणि केबलवाल्यानं आतल्या खोलीसाठी पूर्वी पाडलेल्या भोकात शिरली होती.

"ही कुठं जाऊन राहिली?" मी विचारलं.

मी आतल्या खोलीत गेले. वायर त्याच्या टेबलामागून वर आली होती आणि तिच्या टोकाला त्याचे इअरफोन होते.

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो दारात उभा होता.

"आई, रागावू नको."

"तू लेक्चर ऐकत होता न?"

"दुपारी ऐकत होतो," तो म्हणाला. "साडेसातले बाबा."

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लपवत नाही. राग आला. म्हणून मार्क कमी पडले, हे वाक्य अगदी जिभेवर आलं. त्यानं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण तो घाईनं म्हणाला, "अभ्यास करतच होतो आई. गणितं सोडवत ऐकत होतो. घर लय चूप राहे. बाबा वाजवून राहिले की मले बसवत होतं इथं. नाही तर उठून पळून जावं वाटे."

"कोणी टाकली ही?"

"बाबांनी. अकरावीतच. मी म्हटलं होतं, काय वाजवता ते मले ऐकू द्या. तू शाळेत गेली होती तेव्हा टाकली."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

उत्तर मलाच माहीत होतं. सांगितलं असतं तर मी वायर ओढून काढली असती, भोक बुजवलं असतं आणि आठवडाभर दोघांना सुनावलं असतं. माझ्या घरात माझ्यामुळे दोन माणसं चोरून एकत्र बसत होती आणि मी मधल्या दारात उभी राहून लोकांना गप्प करत होते.

मग मला ते तेरा दिवस आठवले. "बाबा गेल्यावरही तू लावून बसत होता," मी म्हटलं.

"हो."

"त्यात काय येत होतं?"

"काहीच नाही," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा झाला. मी त्याला जवळ घेतलं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, माझ्यापेक्षा हातभर उंच, वाकून माझ्या खांद्यावर रडला. वर्षभर रडला नव्हता तो. मीच सगळ्यांना सांगत फिरले होते की केवढा धीराचा आहे.

बऱ्याच वेळानं आम्ही तिथेच त्याच्या पलंगावर बसलो. मी विचारलं, "कसे वाजवत होते रे?"

"टीव्हीवरचं गाणं वाजवताना लय चुकत होते," तो डोळे पुसत हसला. "मंग गेम बंद करत. डबा चालूच राहे, पण त्याच्यात न पाहता आपलंच वाजवत होते. शेवटची दहा-पंधरा मिनिटं. रोज तेच. आधी छोटं होतं, मंग वाढवत वाढवत नेलं."

"कोणतं गाणं?"

"कोणाचंच नाही. बाबांचंच होतं."

म्हणजे ते दुसरीकडे कुठे मिळायचंही नव्हतं. तोच पुढे म्हणाला, "मी म्हटलं त्याइले, हे आईले ऐकवा. तर म्हणे, मी लय वेळा म्हणून पाहिलं. आता ती सोताहून म्हणन तेव्हा."

मी स्वतःहून कधी म्हटलं नाही. आता म्हटलं. "म्हणून दाखव मले."

"आई, मले गाता येत नाही. तुले माहीत आहे."

"येते तसं म्हण."

तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि तोंड मिटूनच गुणगुणायला लागला. पोराला सूर नाही, तो माझ्यावर गेला आहे. शाळेच्या प्रार्थनेतही त्याचा आवाज वेगळा निघायचा. चार-पाच ओळींएवढं झालं की अडखळला, मागे गेला, पुन्हा सुरू केलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. संपल्यावर त्यानं विचारलं, "समजलं काही?" मी म्हटलं, परत म्हण. त्यानं परत म्हटलं आणि या वेळी ते थोडं वेगळं आलं. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मध्ये एक जागा आहे, तिथे ते वर चढता चढता एकदम खाली येतं. ह्यांनी ते तसंच बांधलं होतं, की तिथे माझ्या पोराचा सूर पोचत नाही, हे मला कळत नाही. त्याला नीट आठवत नाही आणि मी ते कधी ऐकलेलं नाही.